गणिताच्या तासाला गोष्टीचे पुस्तक

प्राथमिक शाळेत शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून झाले की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "गुरुजी, बेरीज करायची की वजाबाकी?" ज्या शिक्षकाने हा प्रश्न वर्षानुवर्षे ऐकला आहे त्याला निराळे सांगावयास नको की, विचारणाऱ्या मुलाला बेरीज येते, वजाबाकीही येते, हातचा धरणेही त्याला अवगत असते, परंतु फळ्यावरील त्या दोन ओळींत घडले काय, याचे चित्रच त्याच्या मनापुढे उभे राहिलेले नसते. रामूजवळचे आंबे शामूने नेले, एवढेच त्याला कळते. रामू कोण, आंबे कोठले आणि ते देऊन टाकण्याचे त्याला कारण काय पडले, हे कळत नसल्यामुळे उरलेल्या आंब्यांविषयी त्याच्या ठिकाणी यत्किंचितही कुतूहल उत्पन्न होत नाही. 'पुढे काय झाले' हे जाणण्याची ज्याला आस लागली आहे, तोच मिळवावे की वजा करावे याचा निर्णय आपल्या बुद्धीने करतो. आणि ही आस उत्पन्न करण्याचे सामर्थ्य गोष्टीइतके दुसऱ्या कशात नाही. म्हणून गणिताच्या तासाला वर्गात गोष्टीचे पुस्तक उघडले जावे, आणि इतर जिल्ह्यांच्या आधी ते आमच्या बीड जिल्ह्यात उघडले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हे मत कोणाला नव्या काळाचे वेड वाटेल, तर त्याने भास्कराचार्यांकडे पाहावे. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला आणि त्याचा पहिला भाग जी 'लीलावती', तिने पुढे कित्येक शतके भारतवर्षाला अंकगणित शिकविले. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली तिचे फारसी भाषांतर केले. आचार्यांनी आपल्या गावाचे जे नाव सांगितले आहे त्यात काही विद्वानांना आपले बीड दिसते, तर काहींना त्यांचा नातू चांगदेव याच्या शिलालेखामुळे चाळीसगावजवळचे पाटण अधिक संभवनीय वाटते. या वादाचा निवाडा येथे करण्याचे प्रयोजन नाही. त्यांची शिकविण्याची पद्धती आपली आहे एवढे पुरे. भुंग्यांच्या एका थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलीन्ध्राच्या फुलांवर गेला, या दोहोंतील अंतराच्या तिप्पट भुंगे कुड्याकडे गेले, आणि एकच भुंगा केतकी व मालती या दोहोंच्या सुगंधाने मोहित होऊन मध्येच घोटाळत राहिला; तर थवा केवढा? उत्तर पंधरा : तीन, पाच, सहा आणि तो एक. आता यातील मर्म पाहा. काव्यदृष्ट्या सर्वांत रमणीय असा जो एकाकी भुंगा, तोच गणितदृष्ट्याही अपरिहार्य आहे, कारण तो वगळला तर थव्याचे चौदा पंधरांश तेवढे हाती राहतात आणि थवा पंधरा भुंग्यांचा की पंधराशेंचा, हे सांगावयाला काहीच आधार उरत नाही. कथेचा प्राण आणि उदाहरणाचा प्राण एकाच बिंदूवर यावेत, ही कसोटी आचार्यांनी साडेआठशे वर्षांपूर्वी घालून दिली, आणि बालवाङ्मयाच्या बाजारात आज जी अंकांची रंगीत पुस्तके विकली जातात त्यांपैकी बरीचशी या कसोटीला उतरत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. चित्रातील सशांच्या शेजारी आकडा छापल्याने गणिताची गोष्ट होत नाही. तो आकडा बदलला असता गोष्टही बदलली पाहिजे.

या कसोटीला पूर्णपणे उतरणारी एक कथा तर आमच्याकडे घरोघर आहे. श्रावणी सोमवारी, परळीच्या वैजनाथाला दर्शनासाठी रीघ लागलेली असते त्या दिवसांत, आजी नातवंडांना खुलभर दुधाची कहाणी सांगते. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा दवंडी पिटवितो, घरोघरचे सारे दूध भयाने देवळात येते, वासरे आणि लेकरे उपाशी राहतात, तरी गाभारा भरत नाही; आणि घरच्या सर्वांना तृप्त करून उरलेले खुलभर दूध घेऊन आलेल्या एका म्हातारीच्या हातून तो भरतो. निजामी अमदानीत शाळांवर उर्दूचे प्राबल्य होते, तेव्हाही या कहाण्यांनी येथील मुलांच्या कानांवर मराठी ठेवली. आता याच कहाणीच्या भावार्थाला कोठेही धक्का न लावता शिक्षकाने मधेच थांबून एवढेच विचारावे की, आपल्या वर्गातील घागर भरावयाला अशी किती खुले लागतील? मुले अदमास करतील, कोणी दहा म्हणेल, कोणी शंभर. मग प्रत्यक्ष पाणी ओतून मोजावे, आणि ज्याचा अदमास चुकला त्याला कोणाला हसू न देता तो का चुकला याची चर्चा करावी. तेथून दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली हे जुने कोष्टक पुढे आले की दुपटीचा आणि निमपटीचा नियम मुलांच्या हातांतून जातो, आणि त्यानंतर लिटर-मिलिलिटर हे त्यांना परके वाटत नाहीत. उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लावणाऱ्या गावांतील मुलांना धारकता हा विषय रुक्ष वाटावा, हे शिकविण्याच्या पद्धतीतीलच वैगुण्य मानले पाहिजे.

परदेशी प्रयोगांचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही; तथापि नेदरलँड्समध्ये बालवर्गांतून तीन महिने निवडक चित्रपुस्तके वाचून दाखविल्यावर त्या मुलांची गणितातील प्रगती इतर वर्गांहून अधिक झाल्याचे आढळून आले, आणि ती पुस्तके गणित शिकविण्यासाठी लिहिलेली नव्हती, चांगल्या गोष्टी म्हणून लिहिलेली होती, ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते.

बीडचा आग्रह मी धरतो त्याचे कारण मात्र निराळे आणि अधिक निकडीचे आहे. दसरा-दिवाळी उलटली की शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या भागांतील गावेच्या गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. त्यांच्यामागे घरी सांभाळणारे कोणी नसेल तर मुलेही फडावर जातात. शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा भरल्या, आणि त्यांमुळे पुष्कळ मुलांचे वर्ष वाचले हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तरीही ज्या मुलाचा अभ्यासक्रम ऐन मध्यावर तुटतो त्याला इतर विषयांपेक्षा गणित अधिक दुरावते, कारण भागाकार ज्या महिन्यात झाला त्या महिन्यात ते फडावरच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेले असते आणि परत येते तो वर्ग अपूर्णांकांवर पोहोचलेला असतो. पाठ्यपुस्तकाचे पान असे सुटले की सुटते. ऐकलेली गोष्ट सुटत नाही, ती मुलाबरोबर बैलगाडीतून फडावर जाते, भावंडाला सांगितली जाते, आणि सांगताना प्रत्येक वेळी तिच्यातील हिशेब पुन्हा एकदा केला जातो.

शिवाय या मुलांच्या भोवती संख्यांचे जे जग आहे ते शहरातील मुलांच्या वाट्याला येत नाही. फडावर नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मोळ्या मोजल्या जातात, वाढ्यांची विक्री होते, भरलेली गाडी काट्यावर जाते, टनाला दर मिळतो, आणि हंगामाच्या शेवटी उचल फिटली की बाकी अंगावर फिरली हे मुकादमाच्या वहीवरून ठरते. त्या वहीतील आकडा बापाला वाचता येत नाही आणि मुलाला पडताळता येत नाही, यापरते दारुण असे गणिताचे अज्ञान मला ठाऊक नाही. दहा कोयत्यांच्या टोळीत माणसे किती, येथून आरंभ करून एका मुलीने वडिलांच्या उचलीचा हिशेब स्वतः मांडला, अशी गोष्ट कोणीतरी लिहावयास हवी. आणि ती लिहिण्याचा पहिला अधिकार या मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांचा आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, पंतोजींच्या शाळेतील पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी या पाढ्यांच्या पाठांतराने जी तरबेज पिढी निर्माण झाली ती गोष्टींनी होणार नाही. हे खरे आहे, आणि पाठांतर सोडावे असे मी म्हणतही नाही. पाढ्यांनी हिशेबाला गती येते, पण कोणता पाढा कोठे लावावा हे पाढा सांगत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. शिक्षकांवर माहिती भरण्याचे आणि अशैक्षणिक कामांचे जे ओझे आहे ते मी जाणतो. परंतु आठवड्यातून एक तास गोष्टीला दिल्याने अभ्यासक्रम मागे पडतो हे मला मान्य नाही, कारण न समजलेल्या उदाहरणाची उजळणी करण्यात त्याहून अधिक तास आजही खर्ची पडतात.

पुस्तके मिळत नाहीत, ही सबबही आता टिकण्यासारखी नाही. मंगला नारळीकरांची 'गणितगप्पा' मोठ्या मुलांसाठी आहे, बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघत आहे, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी विनामूल्य उपलब्ध असून त्या छापून घेण्यासही मुभा आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती एवढीच आहे की, येत्या हंगामात टोळ्या निघण्यापूर्वी प्रत्येक हंगामी वसतिगृहात आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या तालुक्यांतील प्रत्येक प्राथमिक शाळेत अशा पुस्तकांची एक पेटी पोहोचती करावी, ती कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती द्यावी, आणि जे मूल फडावर जाईल त्याच्या दप्तरात त्यांतील एक पुस्तक घालून द्यावे. ते फाटून परत आले किंवा आलेच नाही, तरी त्याची वसुली कोणाकडूनही करू नये.