सावली हरवते त्या दुपारी



परीक्षा संपल्या, दप्तरं माळ्यावर पोचली आणि दुपार झाली की ‘उन्हात जाऊ नका रे!’ ही आरोळी घराघरांतून सुरू झाली असेल. आज मी मात्र तुम्हांला भर दुपारीच बाहेर बोलावणार आहे. फक्त दहा मिनिटं! डोक्यावर टोपी हवी, पोटात माठातलं गार पाणी हवं आणि सूर्याकडं थेट बघायचं नाही. कबूल?

आधी माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी मोठ्या ऐटीत गच्चीवर जमवलं. तारीख होती १४ मे. “आज बारा वाजता सावली गायब होणार!” मातीनं भरलेल्या कुंडीत काठी रोवली होती, मातीवर बरोबर मीटरभर उरेल अशी. घड्याळात बारा वाजले. आणि काठीची सावली? चांगली पाच इंच लांब, पश्चिमेकडं ऐटीत पसरलेली! पोरं फिदीफिदी हसत आंबे खायला खाली पळाली. सावलीचं राहू द्या, माझेच बारा वाजले!

सहावीतली एक मुलगी तेवढी मागं राहिली. ती जिन्यात बसायची, दर पाच मिनिटांनी बाहेर यायची आणि सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करून परत आत. “काका, ही आखडतेय,” ती म्हणाली. आणि साडेबाराला तिनं अशी काही आरोळी ठोकली, की आंबे खाणारे सगळे बरबटलेल्या हातांनी वर धावले. सावली काठीच्या बुडाशी विरघळून गेली होती.

चुकलं कुठं होतं? आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेली असतात. ती रेषा जाते प्रयागराजजवळून. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य उशिरा येतो. मे महिन्यात नागपुरात साधारण १२ वाजून १० मिनिटांनी, पुण्यात १२:३१ला, मुंबईत १२:३५च्या आसपास. घड्याळाचे बारा वेगळे, सूर्याचे बारा वेगळे!

आणखी एक गंमत. ‘दुपारी सूर्य डोक्यावर येतो’ असं आपण रोज म्हणतो. पण महाराष्ट्रात तो अगदी बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनच दिवस. दिल्लीकरांना तर एकदाही ही मजा मिळत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. सूर्य मे महिन्यात दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत आपल्या गावांवरून जातो. पणजीला २-३ मे, कोल्हापूरला ६-७, सोलापूरला १०, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नाशिकला २०, जळगावला २५ आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. दुसरी फेरी परतीच्या वाटेवर, जुलै-ऑगस्टमध्ये. पण तेव्हा ढग बघू देतील तर ना!

काठी सरळ उभी आहे का, हे बघायला गवंडीकाकांसारखा ओळंबा करा. दोऱ्याला एक नट बांधला की झाला ओळंबा.

आता खरा खेळ. सुट्टीत कुणी आत्याकडं, कुणी मामाकडं पांगलेलं असतं. समजा, तुम्ही कोल्हापूरला आहात आणि मामेभाऊ जळगावला. ज्या दिवशी तुमची सावली नाहीशी होईल, त्याच दिवशी त्यानं आपल्या मीटरभर काठीची सर्वांत लहान सावली मोजायची. ती भरेल सुमारे साडेसात सेंटिमीटर. तेवढ्याच मापाचा काटकोन त्रिकोण कागदावर काढून वरचा कोन मोजा. येईल साधारण सव्वाचार अंश. नकाशावर कोल्हापूर ते जळगाव सरळ उत्तर-दक्षिण अंतर आहे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. सव्वाचार अंशाला एवढं, तर ३६० अंशांना किती? मांडा त्रैराशिक! उत्तर चाळीस हजारांच्या आसपास आलं, की समजा दोघा भावंडांनी पृथ्वीचा घेर मोजला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रंथपालानं हेच केलं होतं. एका गावी विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं त्या दिवशी त्यानं दुसऱ्या गावी सावली मोजली. त्याच्याकडं फोन नव्हता, तुमच्याकडं आहे!

आता आईबाबांशी दोन शब्द. सुट्टीसाठी आणलेली ती जाडजूड स्वाध्यायपुस्तिका शेवटच्या तीन दिवसांत, रडतरडत भरली जाते, हे आपण सगळेच जाणतो. या सावलीच्या वहीची तशी गत करू नका. अक्षर बघू नका, लाल पेन हातात घेऊ नका. एखादा आकडा चुकीचा लिहिला असेल तर तसाच राहू द्या. आठ-दहा दिवसांचे आकडे एकाखाली एक आले, की तो कसा वेगळा पडलाय ते मुलांनाच दिसतं. आणि उत्तर ठाऊक असलं तरी गप्प बसा. हे फार अवघड आहे, मला ठाऊक आहे! त्या दिवशी गच्चीवर मीही गप्प बसलो ते केवळ उत्तर माहीत नव्हतं म्हणून.

दोस्तांनो, शून्य सावलीचा दिवस झाला म्हणून काठी उपटून टाकू नका हं. आदल्या दिवसापर्यंत दुपारची सावली उत्तरेकडं पडत होती ना? आठवड्याभरानं पुन्हा बघा, कुठल्या बाजूला पडते ते. आणि का, ते मला कळवा.