वाचलो म्हणता, पण कुणाच्या जिवावर?

कोरोनाचा विषय निघाला की अजूनही एक गोष्ट घराघरांत ऐकायला मिळते. "आमच्याकडे कुणालाच झाला नाही, आम्ही फार काळजी घेतली!" सांगणारा बहुधा घरातला पुरुष असतो आणि त्याच्या आवाजात अभिमान असतो. दुधाची पिशवी धुऊन घ्यायचो, भाजी मिठाच्या पाण्यात टाकायचो, सकाळ-संध्याकाळ काढा, रात्री वाफ, बाहेरून आलं की कपडे थेट गरम पाण्यात. ऐकणारेही माना डोलावतात.

या वाक्यांतला कर्ता जरा शोधून पाहा. पिशवी धुतली कुणी? काढा उकळला कुणी? घरातले आठ-नऊ जण चोवीस तास घरात असताना दिवसातून चार वेळा चूल कुणी पेटवली, आणि कामवाली बंद झाल्यावर भांड्यांचा ढीग कुणी उपसला? "आम्ही काळजी घेतली" या वाक्यातला 'आम्ही' हा शब्द फार लबाड आहे. काळजी घेणारी एक आणि श्रेय घेणारे सगळे, असा त्याचा अर्थ आहे.

सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. घोषणा छान होती, पोस्टरही छान होते. पण कुटुंबाची जबाबदारी आपल्या समाजात कुणाच्या पदरात पडते हे काय सरकारला ठाऊक नव्हते? दवाखान्यात खाट नाही, ऑक्सिजन अपुरा, म्हणून जबाबदारी घरावर सोपवली. घराने ती नेहमीप्रमाणे बाईवर सोपवली. आणि ती मोहीम दारोदार घेऊन जाणारी, ताप मोजणारी, बोटाला ऑक्सिमीटर लावणारीही बहुतांश ठिकाणी बाईच होती. कुटुंब सगळ्यांचे आणि जबाबदारी दोन्ही बाजूंनी आमची!

नागपूरपुरते बोलायचे तर या शहरातला पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. तो परदेशातून परतलेला होता. म्हणजे आजार विमानाने आला. पण संशय कुणावर आला? पांढराबोडीतून रामनगर-धरमपेठेत धुणीभांडी करायला पायी जाणाऱ्या बाईवर. फ्लॅट स्कीमच्या फाटकांवर 'कामवाल्या बायांना प्रवेश बंद'चे कागद लागले. पुढे फाटक उघडले तेव्हाही कुठे लिफ्ट वापरायची नाही, कुठे वेगळी चप्पल, कुठे दारातच हातापायांवर फवारणी. ज्या घरांतून रोग बाहेर पडण्याची शक्यता होती त्या घरांनी स्वतःला स्वच्छ ठरवले आणि जिच्या हातांनी ती घरे रोज स्वच्छ होत होती तिला घाण ठरवले. जातीची सवय असलेल्या समाजाला 'अंतर ठेवा' हे शिकवावे लागत नाही. चळवळीच्या वर्तुळातल्या काही घरांतही हेच घडले, हेही इथे नोंदवून ठेवायला हवे.

आमच्या एका बैठकीत एका घरकामगार बाईने सांगितले, "बाईनं फोन केला, येऊ नको म्हने. मी पगाराचं इचारलं. तं म्हने, काम नाही तं पगार कायचा?" तिच्याकडे चार घरे होती. एका घराने दोन महिने पैसे दिले, तिघांनी दिले नाहीत. ज्या महिन्यांत आपण 'घरी सुरक्षित राहिलो' म्हणतो त्या महिन्यांत तिने मंगळसूत्र गहाण टाकले. आता सांगा, त्या सोसायटीतली माणसे कोरोनापासून वाचली ती कुणाच्या खर्चाने?

सरकारने काय केले, तर महिलांच्या जनधन खात्यांवर एप्रिल ते जून २०२० असे तीन महिने दरमहा पाचशे रुपये टाकले. एप्रिल २०२१च्या निर्बंधांत राज्याने नोंदणीकृत घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. इथे 'नोंदणीकृत' हा शब्द नीट वाचा. या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. तो असाच मिळाला नाही. रूपाताई कुलकर्णी यांच्या पुढाकाराने नागपुरात उभ्या राहिलेल्या विदर्भ मोलकरीण संघटनेसारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा तो झाला. पण मंडळाची नोंदणी दरवर्षी नव्याने करून घ्यावी लागते, आणि ज्या बाईचा दिवस चार घरांत वाटलेला आहे ती कामगार कार्यालयात रांग लावायला कधी जाणार? तिच्या कपाटात जुने कार्ड होते, पण यादीत नाव नव्हते. कामाला वीस वर्षे झाली तरी कागदावर ती कामगार नव्हतीच.

आता वस्तीत येऊ. एप्रिल २०२०मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील झाले. सतरंजीपुऱ्यातल्या गल्ल्याच्या गल्ल्या बसमध्ये बसवून विलगीकरणात नेल्या गेल्या. टीव्हीवर त्या वस्त्यांची नावे गुन्हेगारांच्या नावांसारखी घेतली जात होती. मुसलमान वस्ती म्हटल्यावर अफवांना ऊत आला. पाळी आलेली पोरगी, अंगावर पिणारे मूल, डोळ्यांनी न दिसणारी सासू हे सगळे सोबत घेऊन परक्या खोलीत चौदा दिवस काढायचे म्हणजे काय, हे एकाही वाहिनीने विचारले नाही.

नंतर धोरण बदलले आणि घरीच विलगीकरणाला परवानगी मिळाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या त्या सूचना प्रत्येकीने एकदा वाचाव्यात. त्यांत दोन अटी होत्या. रुग्णासाठी घरात वेगळे राहण्याची सोय हवी, आणि त्याची काळजी घेणारी व्यक्ती चोवीस तास हजर हवी. पहिल्या अटीने दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी अर्धी नागपूरची वस्ती बाद झाली. दुसऱ्या अटीबद्दल कुणीच काही बोलले नाही, कारण ती पुरी झालेलीच आहे असे सगळ्यांनी गृहीत धरले. चोवीस तास! आठ तासांच्या कामासाठी या देशातल्या कामगारांनी रक्त सांडले आणि इथे एका परिपत्रकात बिनपगारी चोवीस तास लिहून टाकले. त्या व्यक्तीला सुट्टी कुणी द्यायची, तिला स्वतःला ताप आला तर तिच्याजवळ कोण बसेल, याचे उत्तर मात्र नव्हते.

त्या बाईला ताप आला तेव्हा काय झाले ते आम्ही वस्तीतल्या बायांकडून ऐकले आहे. एकीचे बोलणे तिच्याच शब्दांत देते. "पोराच्या बापाची टेस केली, पोराची केली. माही कोन करते? मले ताप होता, पन मी गोयी खाऊन रांधतच होती. पॉझिटिव्ह निघाली असती तं मले उचलून नेलं असतं. मंग घरी कोनं रांधलं असतं?" हे ऐकल्यावर बैठकीतल्या आणखी सात-आठ जणींनी हात वर केले. वास गेला होता, चव गेली होती, जिना चढताना छाती भरून येत होती, आणि तपासणी एकीचीही झालेली नव्हती. या सगळ्या सरकारच्या लेखी 'कोरोना न झालेल्या' बाया आहेत.

ऑक्टोबर २०२०मध्ये सरकारने सांगितले की देशातल्या कोरोनामृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के पुरुष आहेत. नोंदलेल्या बाधितांतही पुरुषांचेच प्रमाण जास्त होते. लगेच 'बायका मुळातच चिवट' अशा गप्पा सुरू झाल्या. मृत्यूचा धोका पुरुषांना अधिक होता हे जगभर दिसले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण लागण? रक्त तपासून जी देशव्यापी सिरो-सर्वेक्षणे झाली त्यांत बाया आणि पुरुष यांच्यात फारसा फरक निघाला नाही. म्हणजे विषाणू दोघांच्या अंगात सारखाच शिरला होता, फक्त तपासणीची काडी पुरुषाच्या नाकात जास्त वेळा गेली. ज्याने कमावून आणायचे त्याला आधी दवाखान्यात न्यायचे, हा घराचा जुना हिशेब महामारीतही बदलला नाही. आणि जी तपासणीविना घरीच गेली तिच्या घरच्यांना पुढे ५०,००० रुपयांची मदत मागतानाही रिपोर्ट नाही म्हणून अडकावे लागले.

गरोदर बायांची कथा तर याहून कठीण आहे. दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१मध्ये नागपूर पेटलेले होते. मेडिकल आणि मेयोत खाट मिळत नव्हती, माणसे रिक्षात ऑक्सिजन लावून फिरत होती. तेव्हा लस निघालेली होती, पण गरोदर बाईसाठी नव्हती. अंगावर पाजणाऱ्या आईला लस घेण्याची मुभा मे महिन्यात मिळाली आणि गरोदर बाईला २ जुलै २०२१ रोजी, म्हणजे लाट ओसरल्यावर. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत कोरोना झालेल्या गरोदर व बाळंतीण बायांमधले मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के झाले. लसीच्या चाचण्यांत गरोदर बाया घेतल्याच नव्हत्या, म्हणून माहिती नव्हती. माहिती नाही म्हणून लस नाही. बाईच्या शरीराची माहिती नसणे हा विज्ञानाचा नाइलाज म्हणून सांगितला जातो. आम्ही त्याला निवड म्हणतो. लशीनंतर पाळी मागेपुढे झाली, रक्तस्राव वाढला, असे बाया सांगत होत्या तेव्हा त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून हसण्यात आले. पुढे परदेशातल्या अभ्यासांत पाळीत असा तात्पुरता बदल होतो हे आढळले, तेव्हा हसणारे गप्प झाले.

आशाताईंबद्दल टाळ्या खूप वाजल्या. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरवही केला. पण हिशेब पाहा. कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून त्यांना महिन्याला १,००० रुपये मिळत होते. दिवसाचे तेहतीस रुपये! एवढ्यात धड दोन मास्कही येत नव्हते. घरी आले की नवरा आणि सासू दारातच अडवत, 'आमच्या घरात रोग आणशील.' जून २०२१मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे मानधनात १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोरोना भत्ता पदरात पडला. पुढची ५,००० रुपयांची वाढ मार्च २०२४मध्ये मंजूर झाली, तीही कामबंद करून आणि आझाद मैदानात उन्हात बसून. आणि आजही कागदावर त्या 'स्वयंसेविका'च आहेत. ज्या कामाला सरकार मोबदला म्हणत नाही, मानधन म्हणते, ते काम नेमके बायांचेच कसे असते? रुग्णालयांतल्या परिचारिका, आणि त्यांच्याहून खालच्या पगारावर, कंत्राटावर वॉर्ड पुसणाऱ्या सफाई कामगार बाया, यांचीही कथा हीच आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतोच. "घरच्या माणसांसाठी केलं, त्याचा काय हिशेब मांडायचा? त्याग, सेवा याला काही मोल आहे का?" आणि मग सावित्रीबाईंचे नाव घेतले जाते. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या, हे खरे आहे. पण सावित्रीबाई नवऱ्याच्या घरात कुणी गृहीत धरले म्हणून रोग्यांजवळ गेल्या नव्हत्या. सरकार आणि सवर्ण समाज ज्यांना मरायला सोडत होता त्यांच्यासाठी दवाखाना उभा करून, स्वतः ठरवून त्या गेल्या. ते राजकीय कृत्य होते. ते उचलून प्रत्येक सुनेच्या डोक्यावर 'आदर्श' म्हणून ठेवणे ही सावित्रीबाईंची विटंबना आहे.

गृहीत धरलेल्या सेवेचा इतिहास पाहायचा असेल तर १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ पाहावी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि देशात सर्वाधिक मार खाल्लेल्या प्रांतांपैकी हा एक. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा बाया जास्त मेल्या. आजाऱ्याजवळ बसायचे तिने, स्वतः आजारी असताना चुलीपुढे बसायचे तिने आणि शेवटी उरलेले खायचेही तिने, मग दुसरे काय होणार? शंभर वर्षांनी आपण त्या बायांबद्दल एवढेच सांगू शकतो, कारण त्यांना कुणी विचारले नाही. त्यांच्या मृत्यूचा आकडा आहे, पण त्यांचा एक शब्दही नाही.

म्हणून 'कोरोना संपला, आता पुढचे प्रश्न घ्या' असे म्हणणाऱ्या मैत्रिणींशी आमचे पटत नाही. अनुभव ऐकण्याची कामे आपल्याकडे होतात, पण त्यांत 'तुम्हाला झाला होता का?' हा प्रश्न पहिला असतो आणि तपासणी न झालेली बाई तिथेच 'नाही' म्हणून गळते. प्रश्न वेगळे विचारा. ताप आला त्या दिवशी स्वयंपाक कुणी केला? घरात कुणाकुणाची तपासणी झाली, कुणाची नाही, आणि ते ठरवले कुणी? कामाची घरे किती होती, किती घरांनी पगार दिला, काय गहाण पडले आणि ते सुटले का? धाप अजून लागते का? वस्तीतल्या उत्तरांबरोबर धरमपेठ-लक्ष्मीनगरातल्या घरांतलीही उत्तरे घ्या, आणि तिथे हे प्रश्न पुरुषांनाही विचारा.

ही नोंद घेऊनच घरेलू कामगार मंडळाकडे जाता येईल. वस्तीत येऊन नोंदणी करा, दरवर्षीच्या नूतनीकरणाची अट काढा, आणि संकटाच्या काळात मालकाने पगार चालू ठेवण्याची तरतूद कायद्यात घाला, या मागण्या पुराव्यासकट मांडता येतील. आशांच्या कामगार दर्जाच्या लढ्यालाही हीच वही उपयोगी पडेल. पुढच्या साथीच्या सूचना कुठल्यातरी कार्यालयात बसून पुन्हा कुणीतरी लिहिणारच आहे. त्यात 'चोवीस तास हजर व्यक्ती' असे लिहिण्याआधी तिचा पगार, तिची रजा आणि तिची तपासणी यांचे कलम घालायला लावणे हे आपले काम आहे. ज्या गटांना आपल्या वस्तीत हे काम सुरू करायचे आहे त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावे. प्रश्नांची यादी आम्ही पाठवू, पण ती तशीच वापरण्याचे बंधन नाही. तुमच्या वस्तीतल्या बाया नवे प्रश्न काढतील, तेही आम्हाला लिहून पाठवा.