मरणाऱ्याचा हेतू आणि धाडणाऱ्याचा

सणसवाडीहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघाले की शहराच्या तोंडाशी येरवडा लागते. तेथील मध्यवर्ती कारागृहात २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी अजमल कसाब यास फाशी देण्यात आली. त्या दिवशी देशात ठिकठिकाणी फटाके वाजले आणि एक हिशेब चुकता झाल्याची भावना सर्वत्र पसरली. न्यायालयाने दिलेली शिक्षा अमलात आली, हे उचितच झाले. परंतु गुन्हेगाराला शासन होणे आणि गुन्ह्याचा उलगडा होणे या दोन भिन्न गोष्टी होत. एकवीस वर्षांचा तरुण अनोळखी माणसांना मारण्यासाठी स्वतः मरावयास कसा सिद्ध होतो, हा प्रश्न फासाच्या दोराने सुटलेला नाही. तरुण मुले ज्यांच्या हाताखालून जातात, त्या शिक्षकांना व पालकांना तरी तो टाळता येणार नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पुलवामा येथे १४ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर स्फोटकांनी भरलेली मोटार आदळविणारा तरुण आपल्या कृत्यातच संपला. त्या स्फोटात ४० जवान गेले. त्यांत आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील दोघे होते. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी चालून आलेले दहाजण मात्र हाती बंदुका घेऊन, मरेपर्यंत मारीत राहावयाचे ठरवून आले होते. पहिला प्रकार मानवी बॉम्बचा, दुसऱ्यास फिदायीन हल्ला म्हणतात. रीत निराळी असली तरी परतीची वाट दोहोंतही आखलेली नसते.

अशा कृत्यांची तीन कारणे आपल्याकडे सर्रास सांगितली जातात : दारिद्र्य, धर्मवेड आणि माथेफिरूपणा. तिन्हींत तथ्याचा काही अंश असेल; पण एकही कारण पुरे पडत नाही. कसाब गरीब घरातला, चौथीपर्यंत शिकलेला, वडिलांशी न पटल्याने घर सोडून मजुरी करणारा होता, हे खरे. परंतु ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेवर झालेल्या हल्ल्यातील वैमानिकांचा म्होरक्या महंमद अत्ता हा वास्तुशास्त्राचा पदवीधर असून त्याचे पुढील शिक्षण जर्मनीत झाले होते. दारिद्र्यानेच माणूस मानवी बॉम्ब होत असता, तर आपल्या दुष्काळी तालुक्यांत काय घडले असते, याची कल्पनाही करवत नाही. आपला कर्जबाजारी शेतकरी जीव देतो तो स्वतःचाच. शेजाऱ्याचा घेत नाही.

धर्माचेही तसेच. श्रीपेरुम्बुदूर येथे २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांच्या पायांशी वाकून कमरेच्या स्फोटकांचा पट्टा उडविणारी तरुणी तमिळ वाघांच्या संघटनेची होती. ती संघटना भाषिक राष्ट्रवादाच्या नावाने लढत होती. तिच्या अनुयायांना मरणोत्तर स्वर्गाचे आमिष नव्हते. तरीही १९८७ पासून तिने आत्मघाती हल्ल्यांसाठी स्वतंत्र पथकच बांधले होते. १९४४-४५ मध्ये शत्रूच्या युद्धनौकांवर विमानासह झेपावणारे जपानी वैमानिक सम्राटाच्या व देशाच्या नावाने मेले. माथेफिरूपणाविषयी बोलावयाचे, तर बहुतेक अभ्यासकांना अशा हल्लेखोरांत ठळक मनोविकार आढळलेला नाही. किंबहुना वेडा मनुष्य अशा कामगिरीला निरुपयोगीच. ठरल्या वेळी ठरल्या जागी तो पोहोचेल याची खात्री कोण देणार?

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ साली आत्महत्येवर लिहिलेल्या ग्रंथात तिचा एक प्रकार असा वर्णिला आहे, की ज्यात व्यक्ती समूहात इतकी विरघळून जाते की तिला स्वतःचा जीव म्हणून काही उरतच नाही. आत्मघाती हल्लेखोराची अवस्था याच्याशी जुळते. मात्र त्याच्या बाबतीत हे विरघळणे आपोआप घडत नाही. ते घडवून आणले जाते. घरापासून तुटलेला, अपमान मनात धरून बसलेला तरुण हेरावयाचा, त्याला आपुलकी व पोटभर अन्न द्यावयाचे, जुन्या ओळखींपासून दूर न्यावयाचे, जगात कोठेतरी झालेल्या अन्यायाची चित्रे दाखवून त्याचा वैयक्तिक सल सामूहिक सूडाला जोडावयाचा, आणि शेवटी माघार घेणे म्हणजे सोबत्यांशी दगा ठरेल अशा ठिकाणी त्याला उभे करावयाचे. या वाटेवर अन्यायाची जाणीव खोटीच असते असे नाही. तिचा वापर मात्र दुसराच कोणी करीत असतो.

मुंबईच्या हल्ल्यात याचा पुरावा कानांनी ऐकावयास मिळाला. हल्लेखोर आणि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार यांच्यातील दूरध्वनी-संभाषणे यंत्रणांनी टिपली व ती पुढे न्यायालयासमोर आली. ताजमहाल हॉटेलाच्या थाटाने दिपलेल्या पोरांना आग लावा म्हणून वारंवार बजावावे लागत होते. जिवंत हाती लागू नका, ही ताकीद होतीच. म्हणजे मरणाची इच्छा इतकी पक्की असती, तर तिला दर घटकेला पलीकडून खतपाणी घालावे लागले नसते. आणि त्या दहांतील जो एक जिवंत हाती लागला, त्याने पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपील केले, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्जही केला. छावणीच्या बाहेर, सूत्रधाराचा आवाज बंद झाल्यावर, मरावयास आलेल्या माणसाने जीव मागितला. त्याच्या अपराधाचे ओझे याने तसूभरही हलके होत नाही. पण हेतूचा शोध मरणाऱ्यापाशी थांबवून चालणार नाही, हे यावरून उघड व्हावे. धाडणारे स्वतः क्वचितच त्या वाटेला जातात. तमिळ वाघांचा नेता प्रभाकरन शेकडो तरुण-तरुणींना मृत्यूच्या दारात लोटून २००९ च्या मे महिन्यापर्यंत जगला. मुंबईच्या कटास साहाय्य केल्याचा आरोप असलेला तहव्वूर राणा भारताच्या ताब्यात आला तो एप्रिल २०२५ मध्ये, कसाबच्या फाशीनंतर बारा वर्षांनी. येरवड्यात मिटला तो हिशेबाचा एक रकाना होता.

अशा मृत्यूला हौतात्म्य म्हणण्याचा प्रघात त्या संघटनांनी पाडला आहे. आपल्या भाषेत हा शब्द फार जपून वापरला गेला आहे. गिरगाव चौपाटीजवळ त्या रात्री सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी हाती बंदूक नसताना कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि ती सोडली नाही. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या माणसाला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. मृत्यू त्यांनाही समोर दिसत होता. पण त्यांना हवे होते ते मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांचे प्राण. प्राण देण्याची तयारी एवढ्याच निकषावर दोन मरणे एका पंक्तीत बसविता येत नाहीत. मुलांना शौर्याचे धडे देताना कोणी किती निर्भयपणे मेला याबरोबर कोणासाठी मेला, हेही शिकवावयास हवे.

आता परिणामांविषयी. मुंबईत १६६ माणसे गेली, त्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, ज्यू आणि ख्रिस्तीही होते. परंतु धाडणाऱ्याचे खरे लक्ष्य मेलेल्यांपेक्षा मागे राहिलेले लोक असतात. मागे राहिलेल्यांनी एकमेकांवर तुटून पडावे, त्यातून नवे अपमान व नवे रंगरूट निर्माण व्हावेत, हा त्याचा नफा. २००८ मध्ये मुंबईने तो त्याला मिळू दिला नाही. १९९२-९३ च्या दंगलींच्या जखमा ताज्या असलेल्या त्या शहरात त्या हल्ल्यानंतर दंगल झाली नाही. शहरातील मुस्लिम संस्थांनी ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांच्या दफनास कबरस्तानात जागा देण्याचे नाकारले. ती प्रेते वर्षभर शवागारात पडून राहिली आणि अखेर सरकारने ती गुप्तपणे पुरली. न्यायालयानेही कसाबबरोबरच्या दोघा भारतीय आरोपींना पुरावा अपुरा म्हणून सोडले. संतापाच्या दिवसांतही कायदा माणसामाणसांत फरक करू शकतो, हे त्यातून दिसले.

पुलवामानंतर मात्र आपण तितके सावध राहिलो नाही. यवतमाळात शिकावयास आलेल्या काश्मिरी विद्यार्थ्यांना मारहाण झाली. ज्यांचा स्फोटाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांना झालेली ती मारहाण शहीद जवानांच्या कोणत्या आप्ताचे अश्रू पुसणारी होती? मारणाऱ्यांना वाटले, आपण देशाचा सूड घेतला; प्रत्यक्षात ज्याने ती मोटार धाडली, त्याचेच उरलेले काम त्यांनी पुढे नेले.

सणसवाडीच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. आपल्या पंचक्रोशीत कारखाने आले, त्यांच्यामागून मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश व बिहारमधून तरुण आले. एका खोलीत चार-पाचजण राहणारे, कंत्राटावर काम करणारे, गावाला नावानेही ठाऊक नसलेले हे तरुण आहेत. दुसरीकडे, १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा व सणसवाडीच्या परिसरात उसळलेला हिंसाचार आपण पाहिला आहे. तो प्रकार निराळा, त्याची कारणेही निराळी. पण एका दिवसाचा क्षोभ गावाची झोप किती वर्षे मोडतो, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. एखाद्या हल्ल्याची बातमी येताच खोली मागावयास आलेल्या मुलाचे नाव ऐकून दार लावणे सोपे असते. कागदपत्रे पाहावीत, पोलिसांत नोंद करावी, संशयास्पद काही दिसले तर वेळीच कळवावे; हे नागरिकाचे कर्तव्यच होय. नावावरून माणूस ठरविणे हे त्या कर्तव्यात येत नाही.

आणि आपल्याच घरातली मुले? परीक्षेत नापास झालेला, नोकरीविना चौकात बसलेला, हाती मोबाईल घेऊन कोणाच्या तरी द्वेषावर पोसला जाणारा मुलगा कोणत्याही जातीत व धर्मात सापडेल. तो उद्या बॉम्ब होईल असे कोणी म्हणत नाही. पण अपमान झेलून एकटा पडलेल्या तरुणाला कोणी तरी आपले म्हणावे लागते. शाळेतल्या मास्तरांनी ते म्हटले नाही, तालमीने, वाचनालयाने, शेजाऱ्यांनी म्हटले नाही, तर दुसरा कोणी म्हणतो; आणि तो दुसरा कोण असेल, याची निवड मग आपल्या हाती राहत नाही. सीमेवरचा आणि समुद्रावरचा पहारा सरकारने करावयाचा आहे. हा पहारा मात्र गावाचा आहे, आणि त्याची सुरुवात गेले काही दिवस वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाची विचारपूस करण्यापासून होऊ शकते.