विरघळलेल्या मूर्तीचा पंचनामा

शाडूची मूर्ती भट्टीत भाजली जात नाही, केवळ वाळवली जाते. त्यामुळे पाण्यात तिचा पुन्हा चिखल होतो, आणि विसर्जनाला सोयीचा असलेला हा गुण कारखान्यात पाणी शिरले की मूर्तिकाराच्या मुळावर येतो. यवतमाळचा दुर्गोत्सव नावाजलेला असल्याने येथील मूर्तिकाराचा हंगाम गणपतीवर संपत नाही. पोळ्याचे बैल, गणपती आणि मग बांबू-तणसाच्या सांगाड्यावर उभी राहणारी देवी अशी कामे एकामागोमाग येतात, आणि त्यांची तयारी भर पावसाळ्यातच करावी लागते. २२ जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातील आनंदनगरला पुराने वेढले, अडकलेल्यांसाठी हवाई दलाची मदत मागवावी लागली, तेव्हा गणेश चतुर्थी जेमतेम दोन महिन्यांवर होती.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे केंद्र व राज्य यांच्या वाट्यातून उभा राहणारा तातडीच्या मदतीचा निधी, यात हस्तकला कारागिरासाठीही तरतूद आहे: २०२२ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार औजारांसाठी ५,००० रुपये आणि कच्च्या, अर्धवट वा तयार मालासाठी तेवढेच. मंडळाच्या मोठ्या देवीपुढे ही रक्कम तुटपुंजी आहेच, पण खरी अडचण नुकसान सिद्ध करण्याची आहे. पिकाच्या पंचनाम्याला निदान शेत आणि सातबारा असतो. मूर्तिकाराकडे तलाठी पोहोचेपर्यंत उरतो तो गाळ, आणि त्यातला पुराचा कोणता व गणपतीचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून पूर्वतयारीत साचे व कॉम्प्रेसर उंचावर ठेवण्याइतकेच महत्त्व कागदाला आहे: मांडणीवरील मूर्तींची दर आठवड्याला मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, माती-रंगांची बिले आणि इसाराच्या वहीची दुसऱ्या घरी ठेवलेली प्रत. अमेरिकेत कारागिरांना आपत्तीत हात देण्यासाठी १९८५ मध्ये स्वतंत्र निधी उभा राहिला, आणि पुढे त्याने मदतीबरोबर पूर्वतयारीचे शिक्षणही हाती घेतले. आपल्याकडे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत औजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीचे कर्ज मिळते. मात्र ती व्यवसायवाढीची योजना आहे, नुकसानभरपाईची नव्हे, आणि मंडळांचा इसार परत करण्याची वेळ आलेल्या माणसाला नवा हप्ता हा दिलासा वाटेलच असे नाही. त्यापेक्षा मूर्तिकारांची आणि त्यांच्या साठ्याची नोंद तहसील कार्यालयाने मृगापूर्वीच करून ठेवली, तर तलाठ्याला गाळावरून अंदाज बांधावा लागणार नाही.