खाणीतील नोकरी आणि पदवीचा भ्रम

चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यातील तरुण खाणीत नोकरीसाठी अर्ज करताना बहुधा आपली पदवी आणि गुणच अग्रभागी मांडतो. परंतु खाणीचा कायदा पदवीपेक्षा सक्षमता पाहतो. मायनिंग सरदाराच्या जागेसाठी धनबादच्या खाणसुरक्षा महासंचालनालयाचे सक्षमता-प्रमाणपत्र अपरिहार्य आहे. जोडीला वायुपरीक्षण आणि प्रथमोपचार यांचीही प्रमाणपत्रे लागतात. कारण त्याच्या दक्षतेवर भूगर्भातील मजुरांचे प्राण अवलंबून असतात. तेव्हा अर्जात ही प्रमाणपत्रे आणि खाणीतील प्रत्यक्ष अनुभव यांना प्रथम स्थान हवे. मात्र हा भार एकट्या अर्जदारावर टाकणे अन्यायाचे ठरेल. ज्यांच्या जमिनी खाणींत गेल्या, त्यांच्या मुलांना ही वाट स्थानिक महाविद्यालयांनी वेळीच दाखविली नाही, तर कोळसा आमचा आणि रोजगार दुसऱ्याचा, ही तक्रार कायमच राहील.