मेकॅनिक होणं कमीपणाचं?

साताऱ्यात मुलांकडून अ‍ॅम्प्लिफायरचं किट जोडून घेत होतो. एक पालक म्हणाले, ‘सर, पोराला मेकॅनिक करायचं नाही.’ कमीपणाचं कधीपासून झालं हे? सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगारच सतारमेकर झाले. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपलाच हुनर, आणि आपणच त्याला हलका समजतो!

टीडीए २०३० आयसीला हीटसिंक लावलं नाही, तर ती तापते आणि आवाज बंद पडतो. मार्कांसाठी पाठ केलेल्या आकृतीतून हे कळत नाही. डिग्री हवीच; मीही बी.एड. आहे. पण बंद पडलेला डबा उघडायला घाबरणारी डिग्री काय कामाची?

पुढचं किट मुलींच्या हाती देणार आहे. तक्रार खुशाल करा.