यादी कोण करते?

वैज्ञानिक संस्थांचे भावी अध्यक्ष पुष्कळदा मतदानाच्या आधीच अर्धेअधिक ठरलेले असतात, कारण सभासदांपुढे कोणाची नावे ठेवायची हे नामनिर्देशन समिती, म्हणजे योग्य माणसे हेरून, पारखून आणि त्यांची संमती घेऊन यादी करणारी मोजक्या सभासदांची समिती, ठरवते. १८४८ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ या संस्थेत अशा यादीतून निवडून आलेली व्यक्ती पहिले वर्ष नियोजित अध्यक्ष असते आणि प्रत्यक्ष अध्यक्षपद तिच्याकडे दुसऱ्या वर्षी येते. एवढी शिस्तशीर व्यवस्था असूनही तिथे पहिली महिला अध्यक्ष, गणितज्ञ मिना रीस, १९७१ साली झाली. यादी करणाऱ्यांची नजर जिथवर पोहोचते, तिथवरच यादी पोहोचते.

मराठीत या पद्धतीची खरी परीक्षा साहित्याच्या मांडवात झाली आणि तिच्याशी वसईचा थेट संबंध आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष २०१८ पर्यंत हजाराच्या आसपास मतदार टपालाने निवडत. मतपत्रिकेचे पाकीट मतदाराच्या घरी पडले की त्यामागोमाग उमेदवारांचे फोन, भेटीगाठी आणि कोऱ्या मतपत्रिका गोळा केल्याच्या तक्रारी हे सारे ओघानेच येई. मग संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने आपली घटना बदलली. आता घटक, संलग्न आणि निमंत्रक संस्था नावे सुचवतात व महामंडळाची बैठक त्यांतून एक नाव मुक्रर करते. या मार्गाने २०१९ साली यवतमाळला अरुणा ढेरे, २०२० साली उस्मानाबादला वसईतल्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि २०२१ साली नाशिकला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर अध्यक्ष झाले. यांपैकी कोणी मतांसाठी दारोदार फिरले असते, अशी कल्पनाही करवत नाही. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन आणि हरित वसईची चळवळ यांत आयुष्य घालवलेला धर्मगुरू जुन्या गणितात बसणे कठीणच होते. पहिले संमेलन १८७८ साली भरले; तेव्हापासून २०१८ पर्यंत चारच स्त्रिया अध्यक्ष झाल्या होत्या, तर नव्या पद्धतीत २०२५ पर्यंत ढेरे आणि तारा भवाळकर अशा दोघी झाल्या. निवडणूक मोडीत काढली हे बरेच झाले.

मात्र बंद दाराआड कोणती नावे आली आणि कोणती का गळाली, हे वाचकाला वर्तमानपत्रांतील अंदाजांवरूनच ताडावे लागते. कित्येक वैज्ञानिक संस्थांमध्ये समितीच्या नजरेतून सुटलेले नाव ठरावीक सभासदांच्या सह्यांनिशी यादीत घालता येते. इथे कोणतेही नाव संस्थेच्या दारातूनच आत येते आणि संस्थांच्या कार्यकारिण्या वर्षानुवर्षे त्याच चेहऱ्यांच्या असतात, हे वसई-विरारमधल्या कोणत्याही वाचनालयाच्या वा पतपेढीच्या सभासदाला निराळे सांगायला नको. संमती घेताना प्रकृतीचा आणि वेळेचा विचारही मोकळेपणाने व्हायला हवा. नारळीकर प्रकृतीमुळे नाशिकला येऊच शकले नाहीत, तेव्हा रोष नाहक त्यांच्यावर निघाला.

तयारीच्या वेळाचा प्रश्न तर कोणी विचारातच घेत नाही. दिब्रिटो यांचे नाव सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर झाले आणि संमेलन १० जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. अमेरिकेतल्या त्या संस्थेत नियोजित अध्यक्षाला जे अख्खे वर्ष मिळते, ते इथे चार महिन्यांचेही भरले नाही.